हळदीचा लेप आणि सुश्रुतांचे शस्त्र



मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट बहाल केले. जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग करणे, हा त्या पेटंटचा विषय. भारतातील कोणत्याही आजीने हे वाचले असते तर तिला हसू आवरले नसते. परंतु पेटंट कायद्याला आजीची साक्ष चालत नाही, त्याला लेखी पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने तो पुरावा उभा केला. संस्कृत, हिंदी आणि उर्दू ग्रंथांतील उल्लेख व जुने शोधनिबंध मिळून ३२ संदर्भ सादर झाले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. भारतीय ज्ञानपरंपरेच्या रक्षणाच्या इतिहासात या विजयाचे स्थान निर्विवाद आहे.

तथापि या विजयाने नेमके काय सिद्ध झाले, याचा विचार फारसा कोणी केला नाही. त्या कार्यालयापुढचा प्रश्न एवढाच होता की, हा उपयोग नवा आहे काय? उत्तर आले, नवा नाही. हळदीने कोणती जखम बरी होते, किती दिवसांत होते आणि कोणती होत नाही, हा प्रश्न तेथे कोणी विचारलाच नव्हता. पुढे मात्र ‘अमेरिकेनेही हळदीचे सामर्थ्य मान्य केले’ असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावला गेला. आज भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांत तर हळद, कडुनिंब, लसूण आणि मध यांचे लेप ‘प्रतिजैविकांनाही न जुमानणाऱ्या जंतूंवर रामबाण’ म्हणून सांगितले जातात. डॉक्टरकडे जाऊ नका, असेही त्यात बजावलेले असते. हा संदेश परंपरेच्या अभिमानातून पाठवला जातो. परंपरेने स्वतः काय सांगितले आहे, हे पाहिले तर तो अभिमान चुकीच्या ठिकाणी जडला आहे, हे ध्यानी येते.

पुळी, केसतूड, करट, गळू, काळपुळी. मराठीत या विकारांसाठी चढत्या भाजणीने शब्द आहेत. यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच जंतू असतो. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० मध्ये गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यांना द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे गोल जंतू आढळले. द्राक्षांच्या घोसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्यांना ‘स्टॅफिलोकोकस’ हे नाव दिले. सोनेरी वसाहती करणारी त्यांची जात म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. दर दहा निरोगी माणसांपैकी सुमारे तिघांच्या नाकात हा जंतू निमूटपणे राहत असतो. त्वचेला एखादी चीर पडली, केसाच्या मुळाशी खरचटले की तो आत शिरतो.

‘प्रतिजैविके नव्हती तेव्हा पूर्वजांचे काय अडले होते?’ असा एक प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर इंग्लंडमधील एका पोलीस शिपायाच्या मृत्यूत आहे. अल्बर्ट अलेक्झांडर यांच्या चेहऱ्यावरील जखमेत हाच जंतू आणि त्याचा सोबती स्ट्रेप्टोकोकस शिरला. डोके, डोळा, फुप्फुस, सर्वत्र पू पसरला. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांना पेनिसिलिन टोचण्यात आले आणि काही दिवसांतच ते उठून बसण्याइतके सुधारले. पण जगातील सारा साठाच मूठभर होता. रुग्णाच्या मूत्रातून औषध पुन्हा गाळून काढून ते परत टोचण्यापर्यंत डॉक्टरांची धडपड चालली. साठा संपला आणि मार्चमध्ये तो शिपाई गेला. आरंभ चेहऱ्यावरच्या एका साध्या जखमेपासून झाला होता. पूर्वजांचे जे अडत होते ते हे. फक्त त्याची नोंद ठेवण्याची व्यवस्था नव्हती.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच धोक्याची सूचना देऊन ठेवली होती. त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. घसा दुखतो म्हणून तो दुकानातून पेनिसिलिन आणतो, पुरेसे घेत नाही, जंतू मरत नाहीत, उलट औषध सोसायला शिकतात. तेच जंतू त्याच्या पत्नीला बाधतात आणि तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही. पत्नीच्या मृत्यूला जबाबदार कोण, असे फ्लेमिंग यांनी श्रोत्यांना विचारले होते. अर्धवट राहिलेल्या गोळ्यांची पाकिटे डब्यात जपून ठेवणारे आणि शेजाऱ्याला तीच देणारे एकही घर ज्या गल्लीत नाही, अशी गल्ली महाराष्ट्रात शोधूनही सापडणे कठीण.

पेनिसिलिनला हा जंतू सरावला, म्हणून १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन हे नवे औषध आले. १९६१ मध्येच इंग्लंडमधून त्यालाही दाद न देणाऱ्या जंतूची नोंद झाली. तोच ‘एमआरएसए’. त्याची युक्ती साधी आहे. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला चिकटतात आणि बांधकाम थांबवतात. या जंतूने एक निराळा गवंडी मिळवला. औषध त्याला नीट चिकटतच नाही आणि भिंत चढत राहते. त्यामुळे घरात पडून असलेली ॲमॉक्सिसिलिनची कॅप्सूल अशा गळवावर घेणे म्हणजे कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली फिरवत बसणे होय.

बराच काळ हा जंतू रुग्णालयांपुरता मर्यादित मानला जाई. १९९० च्या दशकात ती समजूत संपली. १९९७ ते १९९९ या काळात अमेरिकेच्या मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा राज्यांत चार मुले या जंतूच्या संसर्गाने दगावली. त्यांपैकी कोणाचाही त्याआधी रुग्णालयाशी विशेष संबंध आलेला नव्हता. पुढे आखाडे, खेळाडूंच्या खोल्या, तुरुंग, सैनिकी छावण्या, जेथे जेथे कातडीला कातडी आणि टॉवेलला टॉवेल लागतो, तेथे तेथे तो पोहोचला. भारतात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या जाळ्यातील रुग्णालयांत अलीकडच्या वर्षांत तपासलेल्या स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या दर दहा नमुन्यांपैकी चारांहून अधिक नमुने मेथिसिलिनला न जुमानणारे निघाले आहेत. हे नमुने मोठ्या रुग्णालयांतील आहेत, गावातल्या प्रत्येक पुळीला हे प्रमाण लावता येणार नाही, हेही सांगितले पाहिजे. पण जगात २०१९ या एका वर्षात केवळ या जंतूच्या औषधप्रतिकारामुळे एक लाखाहून अधिक माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आता हळदीकडे वळावे. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत हळदीतील कर्क्युमिन या जंतूची वाढ रोखते, हे खरे आहे. बशीत मीठही जंतू रोखते, व्हिनेगरही रोखते. बशी आणि माणसाची त्वचा यांत अंतर आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्वचेवर थापलेल्या लेपातून ते खोलवरच्या गळवात पुरेशा मात्रेने उतरत नाही. आणि गळू म्हणजे तरी काय? शरीराने जंतूंना कोंडण्यासाठी उभारलेला कोट. आत पू, मेलेल्या पेशी आणि जिवंत जंतू. रक्तवाहिन्या मात्र नाहीत. त्यामुळे बाहेरून लावलेला लेप आत पोहोचत नाही आणि पोटात घेतलेली गोळीही रक्तावाटे तेथे जेमतेमच पोहोचते. कोट फोडून पू बाहेर काढणे हाच तेथे खरा उपाय ठरतो.

यावर अमेरिकेतील पाच रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बाराशेहून अधिक रुग्णांची गळवे फोडून पू काढण्यात आला. त्यानंतर निम्म्यांना कोट्रायमोक्साझोल हे औषध, निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी. जवळपास निम्म्या रुग्णांत मेथिसिलिनला न जुमानणारा जंतू होता. औषध मिळालेल्यांपैकी ८०.५ टक्के बरे झाले. न मिळालेल्यांपैकीही ७३.६ टक्के बरे झाले. म्हणजे मुख्य काम शस्त्राने केले, औषधाने त्यात शंभरामागे सातांची भर घातली. ही भर लहान नाही, ज्या सातांत आपला माणूस असेल त्यांना ती मोठीच वाटेल. पण गोळ्यांची पाकिटे संपवत पू तसाच ठेवणारे रुग्ण, आणि चीर देण्याचा त्रास नको म्हणून गोळ्या लिहून देणारे डॉक्टर, या दोघांनीही हे आकडे नीट पाहावेत.

हीच गोष्ट सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायाचे नावच ‘आमपक्वैषणीय’, कच्चे आणि पिकलेले ओळखण्याचा अध्याय. व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व या तीन अवस्था तेथे लक्षणांसह सांगितल्या आहेत: रंग, स्पर्श, ठणका, बोटाने दाबले असता आतला पू कसा हलतो. मग क्रमाने सात उपक्रम येतात. विम्लापन, अवसेचन, उपनाह, पाटन, शोधन, रोपण आणि वैकृतापह. यांतील तिसरा ‘उपनाह’ म्हणजे मराठी घरातले पोटीस. (‘पोटीस’ हा शब्द इंग्रजीतून आलेला, हा एक विनोदच, अस्सल देशी शब्द ग्रंथात पडून राहिला.) आणि उपनाहाच्या लगेच पुढची पायरी कोणती? पाटन. म्हणजे शस्त्राने चीर देणे. घरगुती उपचाराचा आग्रह धरणारे सुश्रुतांच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीपर्यंत चढतात आणि तेथेच बिऱ्हाड करतात. कच्चे गळू अज्ञानाने कापणारा आणि पिकलेल्याची उपेक्षा करणारा, अशा दोन्ही प्रकारच्या वैद्यांचा त्याच अध्यायात इतक्या कठोर शब्दांत धिक्कार केला आहे की आजच्या काळात ते शब्द उच्चारणेही अवघड जावे. शिष्याने रुग्णाच्या अंगावर चीर देण्यापूर्वी पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर हात बसवावा, असाही त्यांचा दंडक होता. ज्या परंपरेने शस्त्रकर्माचे असे शिक्षण घालून दिले, तिच्या नावाने शस्त्राला नकार देणे हा त्या परंपरेचा अवमान आहे.

याहून आश्चर्याची गोष्ट प्रमेहाची. प्रमेहाच्या रुग्णास होणाऱ्या पिडका चरकांनी सात सांगितल्या, सुश्रुतांनी दहा. शराविका, कच्छपिका, जालिनी ही त्यांची नावे त्यांच्या आकारावरून पडली आहेत. काळपुळी आणि मधुमेह यांचा संबंध भारतीय वैद्यांनी असा पूर्वीच जाणला होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि त्यांतील अनेकांना आपल्या रोगाची कल्पनाच नाही. कित्येकदा पाठीवरची किंवा मानेवरची काळपुळी हाच रोगाचा पहिला निरोप असतो. पाठीवर पोटिसावर पोटीस बांधत आठवडा काढला, तर निरोप न वाचताच पत्र फाडल्यासारखे होते. अशा रुग्णाची रक्तशर्करा तपासणे हे गळवावरील उपचाराइतकेच महत्त्वाचे.

घरगुती उपचारांत काही तर सरळ अपायकारक आहेत. बिब्ब्याने त्वचा भाजून फोड येतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीस इजा होते. कच्च्या लसणाचा ठेचा रात्रभर बांधल्याने कातडी होरपळल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांतून वारंवार आलेल्या आहेत. आणि एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगणे भाग आहे. उघड्या जखमेवर माती, राख किंवा शेण लावणे धोक्याचे आहे. गोमातेविषयीच्या श्रद्धेचा येथे प्रश्नच नाही. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या आतड्यांत असतात, शेणातून ते जखमेत उतरतात आणि धनुर्वात श्रद्धा पाहून थांबत नाही.

मधाची कथा निराळी आणि अधिक आदराने सांगण्यासारखी आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मधाची आणि त्या काळी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या चांदीयुक्त मलमाची तुलना केली आणि १९९१ मध्ये ती इंग्लंडच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मधाचा गट सरस ठरला. अशा चाचण्यांच्या रचनेत पुढील समीक्षकांनी त्रुटी दाखवल्या; तरीही वरवरच्या भाजण्यावर मध उपयोगी पडतो, हे मत टिकून राहिले आहे. सोलापूरचा धडा दुहेरी आहे. परंपरेतील द्रव्य रुग्णालयात आणून, मोजून, तुलना करून पाहता येते. आणि तसे पाहिल्यावर त्याची मर्यादाही कळते. भाजलेली वरवरची त्वचा वेगळी, बंद गळू वेगळे. रुग्णालयातील मध निर्जंतुक केलेला असतो, स्वयंपाकघरातील बरणीतला नसतो.

इंग्लंडमध्येही असाच एक प्रसंग घडला. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका आंग्ल वैद्यकग्रंथातील नेत्रलेप नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी ग्रंथाबरहुकूम तयार केला. लसूण, कांद्याच्या कुळातील आणखी एक वनस्पती, मद्य आणि बैलाचे पित्त एकत्र करून नऊ दिवस ठेवायचे. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केले की, या मिश्रणाने प्रयोगशाळेत एमआरएसए मोठ्या प्रमाणात मारला. एकेक घटक सुटा वापरला तर तो परिणाम मिळाला नाही. वृत्तपत्रांनी डंका पिटला. संशोधकांनी मात्र कोणालाही घरी तो लेप घोटायला सांगितले नाही. त्यानंतरची वर्षे सुरक्षिततेच्या तपासणीत गेली. जुन्या ग्रंथाचा खरा सन्मान असा होतो.

शहरी घरात तर घरगुती उपचार आता स्वयंपाकघरात राहिलाच नाही, तो औषधाच्या दुकानात गेला आहे. ‘खाज येते, काही तरी लावायला द्या’ म्हटले की दुकानदार जी ट्यूब पुढे करतो, तीत बहुधा तीव्र स्टेरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक एकत्र असते. स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, रुग्ण दुकानदाराला दुवा देतो आणि आत जंतू वा बुरशी बिनबोभाट पसरते. टर्बिनाफिन या औषधाला दाद न देणारी गजकर्णाची जी बुरशी आज जगभर चर्चेत आहे, तिचे नावच २०२० मध्ये भारतावरून ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे पडले. हा काही मिरवण्याचा सन्मान नव्हे. चिठ्ठीशिवाय अनेक प्रतिजैविके विकू नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी, असा ‘एच-१’ परिशिष्टाचा नियम मार्च २०१४ पासून आहे. २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमेही चिठ्ठीच्या बंधनाखाली आली. गल्लीतल्या दुकानात मात्र हे नियम भिंतीवरच्या कॅलेंडरइतकेही पाहिले जात नाहीत.

मग घराने काय करावे? पुळी उठल्यापासून पहिले एक-दोन दिवस घराचेच आहेत. स्वच्छ फडके सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे शेकावे. कित्येक लहान पुळ्या तेवढ्याने आपोआप फुटतात किंवा जिरतात. पिळायचे नाही, सुईने टोचायचे नाही. नाकाच्या व वरच्या ओठाच्या भागात तर मुळीच नाही, कारण तेथील रक्तवाहिन्यांचा मेंदूच्या बाजूशी संबंध आहे. फुटलेली जखम झाकून ठेवावी. टॉवेल, वस्तरा, चादर वेगळी. हात साबणाने धुतलेले. अखंड कातडीवर हळदीचा पातळ लेप लावला म्हणून आभाळ कोसळत नाही, पण त्याच्या भरवशावर दिवस मोजू नयेत. दोन दिवसांत उतार नसेल, ताप आला, लाली पसरू लागली किंवा तांबडी रेघ वर चढू लागली, गळू चेहऱ्यावर असेल, रुग्ण तान्हे मूल, वृद्ध, गर्भवती किंवा मधुमेही असेल, तर घराचे काम तेथे संपले. दिसणाऱ्या जखमेच्या मानाने वेदना फारच तीव्र असतील, तर एक तासही दवडू नये. कातडीखालील थर झपाट्याने कुजवणारा संसर्ग असाच सुरू होतो आणि त्यात हात किंवा पाय, प्रसंगी प्राणही जातो.

डॉक्टरकडे गेल्यावरही रुग्णाच्या हाती काही उरते. गळू मोठे असेल, परत परत होत असेल किंवा पहिल्या औषधाने उतार पडला नसेल, तर पू तपासणीला पाठवणार काय, हे विचारण्यात संकोच नसावा. प्रयोगशाळेत तो जंतू वाढवून त्याच्यावर एकेक औषध करून पाहतात; अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. त्यात प्रत्येक औषधापुढे इंग्रजी ‘एस’ किंवा ‘आर’ लिहिलेले असते. ‘एस’ म्हणजे या औषधाला जंतू बधतो, ‘आर’ म्हणजे बधत नाही. काही औषधांपुढे ‘आय’ असते. त्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. मेथिसिलिनच्या कुळातील औषधांपुढे ‘आर’ असला तरी डॉक्सिसायक्लिन, क्लिंडामायसिन, कोट्रायमोक्साझोल यांपैकी एखाद्यापुढे बहुधा ‘एस’ असतोच. गंभीर आजारात व्हँकोमायसिन आणि लिनेझोलिड हाताशी असतात. कोणते, किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचे आणि तितके दिवस ते पुरे घ्यायचे. तो अहवाल रद्दीत टाकू नये. शिधापत्रिकेच्या शेजारी ठेवावा आणि पुन्हा कधी घरात कोणाला गळू झाले तर तो कागद सोबत घेऊन जावे.